बादलीतले तळे

अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात नोव्हेंबर सरता सरता तळी गोठू लागतात आणि जानेवारीत त्यांच्यावर वस्ती उभी राहते. मिल लॅक्स, लीच लेक, रेड लेक, लेक ऑफ द वुड्स ही मोठमोठी तळी. उन्हाळ्यात जिथे होड्या चालतात तिथे बर्फावरून मोटारी धावतात, वाटा आखल्या जातात, लाकडाच्या नि पत्र्याच्या खोपट्या ओळीने लागतात. खोपटीत शेगडी, बसायला बाक आणि पायाशी बर्फात पाडलेले वीतभर रुंदीचे भोक. भोकाशेजारी बादली आणि बादलीत बोटभर लांबीचे मासे. त्यांना तिकडे सरसकट मिनो म्हणतात. गळाला लावायचे जिवंत आमिष ते हेच.

बर्फावरच्या मासेमारीबद्दल लिहिणारे बहुधा भोकातून वर येणाऱ्या मोठ्या माशाबद्दल लिहितात. मला बादलीतला बारका मासा अधिक महत्त्वाचा वाटतो. तो कुठल्या पाण्यातला, त्याला कसे धरले, तो इथवर जिवंत कसा राहिला आणि दिवसअखेर उरला तर त्याचे काय करायचे, याच्याशी त्या मुलखातल्या हजारो तळ्यांचे बरे-वाईट बांधलेले आहे.

आधी पाण्याबद्दल थोडे. पाणी सर्वांत जड असते ते सुमारे 4 अंश सेल्सिअसला. त्याहून गार झाले की ते हलके होऊन वर येते आणि वरच गोठते. म्हणून बाहेर उणे 25 अंशांची हवा असली तरी खोल तळ्याच्या बुडाशी पाणी 4 अंशांच्या आसपास असते आणि मासे तिथे हिवाळा काढतात. मासा थंड रक्ताचा प्राणी. पाणी गार झाले की त्याचे पचन मंदावते, भूक आटते, हालचाल कमी होते. वॉलआय किंवा पर्चसारखा मासा उन्हाळ्यात धावून ज्या नकली आमिषावर तुटून पडेल, त्याच्याकडे तो जानेवारीत नुसता बघत राहतो. त्याच्या तोंडासमोर काही जिवंत, लहानसे, सहज मिळेलसे वळवळत राहिले तरच तो तोंड उघडतो. माशांच्या अंगावर कुशीच्या रेषेत कंपने टिपणारी इंद्रिये असतात. बर्फाखालच्या अंधुक उजेडात जखडलेल्या मिनोची धडपड त्यांना दिसण्याआधी जाणवते. जिवंत आमिषाचे महत्त्व हिवाळ्यात वाढते ते यामुळे.

मिनो हे एका माशाचे नाव नाही. शास्त्राच्या भाषेत हा कार्प माशांचा गोतावळा, म्हणजे आपले रोहू, कटला, मृगळ ज्या मोठ्या गणात येतात त्यातलीच उत्तर अमेरिकी शाखा. दुकानदाराच्या भाषेत मात्र गळाला लावता येईल असा कुठलाही बारका मासा मिनो ठरतो. व्हाइट सकरची पिल्लेसुद्धा त्याच नावाने विकली जातात आणि ती पाइक या मोठ्या शिकारी माशासाठी उत्तम समजतात. चंदेरी आणि नाजूक ते शायनर. त्यांतले गोल्डन शायनर, एमराल्ड शायनर आणि स्पॉटटेल शायनर यांना वॉलआयवाले लोक जीव टाकतात. पण शायनर हाताळणीत पटकन मरतात, त्यांचे खवले सहज सुटतात. या सगळ्यांत काटक म्हणजे फॅटहेड मिनो. पाच-सात सेंटीमीटरचा, मातकट रंगाचा, दिसायला अगदीच सामान्य.

या सामान्य माशाबद्दल थोडे थांबून सांगायला हवे. विणीच्या दिवसांत फॅटहेड नराचे डोके काळे पडते, थोबाडावर कडक पुटकुळ्या येतात आणि डोक्यामागे पाठीवर मऊ, स्पंजासारखी गादी उगवते. पाण्यात बुडालेल्या फळीच्या, दगडाच्या किंवा कमळाच्या पानाच्या खालच्या बाजूला मादी अंडी चिकटवते आणि निघून जाते. मग नर त्या छताखाली तरंगत राहतो, गादीने अंडी पुसतो, थोबाडाने आगंतुकांना हुसकतो, मेलेली अंडी वेचून काढतो. एकाच नराच्या घरात अनेक माद्या अंडी घालून जातात. प्रयोगशाळेत तो इतक्या सहज वाढतो की पाण्यातले एखादे रसायन माशांना किती घातक आहे, हे ठरवण्यासाठी अमेरिकेत ज्या माशांवर चाचण्या होतात त्यांत त्याचे नाव अगदी वर आहे. मिनेसोटातल्याच डुलुथ शहरातल्या सरकारी प्रयोगशाळेने या कामात मोठा वाटा उचलला. ज्याला लोक बादलीतला किरकोळ मासा समजतात, त्याच्या जगण्या-मरण्यावरून एका देशाच्या पाण्याचे मानदंड ठरतात, हे मला विलक्षण वाटते.

हा फॅटहेड मिळतो कुठे? त्या प्रदेशात हिमयुगाने मागे ठेवलेली असंख्य उथळ तळी आहेत, काही तर आपल्याकडच्या गावतळ्याएवढी. हिवाळ्यात त्यांच्यावर बर्फ धरतो, बर्फावर हिम साचते आणि खाली अंधार होतो. अंधारात पाणवनस्पती प्राणवायू तयार करीत नाहीत. तळाचा कुजणारा पालापाचोळा मात्र असलेला प्राणवायू खात राहतो. फेब्रुवारीपर्यंत अशा तळ्यातला प्राणवायू जवळजवळ संपतो आणि मोठे मासे गुदमरून मरतात. वसंतात बर्फ वितळला की काठाला मेलेल्या माशांचा खच दिसतो.

फॅटहेड मात्र बऱ्याचदा यातून तगतो. त्याला थोडक्या प्राणवायूवर भागवता येते आणि अगदी टंचाई झाली की तो वर सरकून बर्फाच्या पोटाला लागून असलेल्या पातळ थरात राहतो, कारण उरलासुरला प्राणवायू तिथे असतो. उत्तर विस्कॉन्सिनच्या एका तळ्यात अभ्यासकांनी हे नीट पाहिले आहे. फॅटहेड, स्टिकलबॅक आणि मडमिनो हे तिघे तिथे एकाच संकटाला आपापल्या परीने तोंड देतात. मडमिनो तर बर्फाखाली अडकलेले हवेचे बुडबुडे तोंडात घेतो. आणि मोठे मासे मेल्यावर वाचलेल्या फॅटहेडना खाणारे कोणी उरत नाही. पुढच्या उन्हाळ्यात त्यांचे पीक येते. आमिष धरणाऱ्यांची सगळ्यांत लाडकी तळी ती हीच, दर काही वर्षांनी ज्यांत मृत्यूचा फेरा येऊन जातो ती.

इथेच या धंद्याची मूळ अडचण आहे. ज्या तळ्यात वॉलआय आणि पाइक आहेत त्या तळ्यात फॅटहेड फार नसतात, कारण ते खाल्ले जातात. ज्या तळ्यात फॅटहेड उदंड आहेत त्या तळ्यात धरण्याजोगा मोठा मासा नसतो, कारण तो हिवाळ्यात मरतो. म्हणजे फॅटहेडचे आमिष करायचे तर त्याला एका पाण्यातून उचलून दुसऱ्या पाण्यात न्यावेच लागते. शायनरचे तसे नाही, ते मोठ्या तळ्यांत आणि नद्यांत मोठ्या माशांबरोबरच राहतात. पण त्यांची अडचण वेगळी आहे, ती पुढे येईल.

धरण्याचे साधन अगदी साधे. तारेच्या जाळीचे नळकांडे, दोन्ही टोकांना आत वळलेले नरसाळे आणि नरसाळ्याच्या टोकाशी अंगठा जाईल एवढे भोक. कोकणात चढणीच्या माशांसाठी ओढ्यात बांबूची निमुळत्या तोंडाची टोपली लावतात, तिचेच हे तत्त्व: आत जाताना वाट रुंद, बाहेर येताना सापडत नाही. आत पावाचा तुकडा, बिस्किटाचा चुरा किंवा कुत्र्याचे खाणे कापडी पुरचुंडीत बांधून ठेवतात. पुरचुंडी अशासाठी की वास सुटावा पण खाणे संपू नये.

उन्हाळ्यात सापळा काठाजवळ पाणवेलींच्या कडेला टाकून ठेवला की झाले. बर्फाखाली तसे करून चालत नाही. प्राणवायू संपत आलेल्या तळ्यात सापळा बुडाशी सोडला तर रिकामा येतो, किंवा त्याहून वाईट म्हणजे मेलेल्या माशांनी भरलेला येतो. म्हणून तो बर्फाच्या खालच्या पृष्ठभागापासून हातभर अंतरावर टांगतात, जिथे मिनो गोळा झालेले असतात. भोक पुन्हा गोठू नये म्हणून त्यावर थर्माकोलची लादी आणि वर भुसभुशीत हिम लोटतात. दोर बर्फात धरला गेला तर हिसका द्यायचा नाही. पहारीसारख्या लांब दांड्याच्या लोखंडी छिन्नीने भोवतीचा बर्फ फोडायचा. आणि एका दिवसापेक्षा जास्त वेळ सापळा तसाच ठेवायचा नाही, कारण कोंडलेल्या गर्दीला तेवढ्या पाण्यातला प्राणवायू पुरत नाही.

सापळा वर येतो तेव्हाचे काही क्षण फार नाजूक असतात. पाणी जेमतेम शून्याच्या वर आणि हवा उणे वीस. मिनोचे कल्ले म्हणजे ओल्या, केसासारख्या बारीक पाकळ्या. अशा हवेत त्या बघता बघता गोठतात. मासा पुन्हा पाण्यात पडल्यावर पोहताना दिसतो आणि तासाभरात उलटा होतो. म्हणून जाणता माणूस सापळा हवेत धरून मासे मोजत बसत नाही. बादली भोकाला टेकवून ठेवतो, सापळा वर येताच त्याची दोन अर्धी बादलीच्या पाण्यातच उघडतो आणि निवडानिवड नंतर, निवाऱ्यात करतो.

सापळ्याची जागा निवडताना एक धोका असतो, त्याबद्दल इथेच सांगितले पाहिजे. मिनो प्राणवायूच्या शोधात जिथे जमतात, म्हणजे ओढा येऊन मिळतो ते तोंड, झऱ्याची जागा, तिथे वाहत्या किंवा उबदार पाण्यामुळे बर्फ सर्वांत पातळ असतो. मिनेसोटाचे निसर्ग खाते माणसाला चालायला किमान 4 इंच, म्हणजे सुमारे 10 सेंटीमीटर, स्वच्छ नवा बर्फ हवा असे सांगते. पांढरा, हिम मिसळलेला बर्फ त्याच्या निम्म्याच ताकदीचा धरतात. तळ्याच्या मध्यावर मोटार उभी आहे म्हणून ओढ्याच्या तोंडाशीही बर्फ भक्कम असेल असे समजणे जिवावर बेतते. दर वेळी पुढे पाऊल टाकण्याआधी छिन्नी मारून बघणे, हाच तिथला रिवाज.

धरलेला मिनो टिकवण्यात गारवा मदत करतो. शून्य अंशाच्या लिटरभर पाण्यात सुमारे 14.6 मिलिग्रॅम प्राणवायू विरघळू शकतो, 25 अंशांच्या पाण्यात 8.3 मिलिग्रॅमच. शिवाय गारठ्यात मासा वापरतोही कमी. त्यामुळे जुलैत जी बादली दुपारपर्यंत मरून जाईल ती जानेवारीत दोन दिवस तग धरते. मारतात त्या दोन गोष्टी. एक म्हणजे नळाचे पाणी. त्यातला क्लोरीन कल्ले जाळतो; तो उघड्या भांड्यात दिवसभरात उडून जातो, पण अनेक शहरांत क्लोरीनऐवजी क्लोरामाइन घालतात आणि ते उडत नाही, त्यासाठी औषध घालावे लागते. दुसरी म्हणजे तापमानाचा धक्का. गॅरेजमधल्या उबेतली बादली थेट बर्फगार पाण्यात ओतली की मासे मान टाकतात. थोडे थोडे पाणी मिसळत, वेळ देत ते काम करावे लागते.

आता गळ. मिनोला गळ टोचण्याच्या दोन-तीन जागा आहेत आणि प्रत्येकीचा परिणाम निराळा. दोन्ही ओठांतून टोचला तर तो पुढे ओढला जाईल तसा सरळ पोहतो. पाठीवरच्या पराच्या किंचित मागे, कण्याच्या वरच्या मांसातून टोचला तर तो एका जागी आडवा राहून धडपडतो. बर्फाखाली हीच पद्धत अधिक चालते, कारण इथे आमिष कुठे जायचे नसते, भोकाच्या खाली एका खोलीवर राहायचे असते. टोक जरा खाली गेले आणि कण्याला लागले की मिनो लुळा पडतो. दोऱ्यावर वितभर वरती शिशाचा बारीक मणी चिमटवतात, तो मिनोला हव्या खोलीवर धरून ठेवतो.

बर्फावर माणूस प्रत्येक भोकाशी बसू शकत नाही. मिनेसोटात एका माणसाला हिवाळ्यात दोन दोर टाकता येतात, विस्कॉन्सिनमध्ये तीन, मेनमध्ये पाच. त्यासाठी टिप-अप नावाचे साधन वापरतात. भोकावर आडवी लाकडी पट्टी, तिच्यातून खाली गेलेला दांडा, दांड्याच्या टोकाला दोऱ्याचे रीळ. हे रीळ मुद्दाम पाण्याखाली ठेवलेले असते, नाहीतर ते गोठून बसेल. मासा मिनो घेऊन निघाला की रीळ फिरते, खटका सुटतो आणि वर वाकवून अडकवलेली पोलादी पट्टी ताठ होऊन तिच्या टोकाचा लाल किंवा नारिंगी झेंडा उभा राहतो. दूरच्या खोपटीतून तो दिसतो आणि माणसे धावत सुटतात. या मुलखातले मूळचे ओजिब्वे लोक त्याही आधीपासून निराळ्या पद्धतीने हेच साधत आले आहेत: भोकावर अंधारा आडोसा करून पाण्यात लाकडात कोरलेला मासा नाचवायचा आणि त्याला भुलून आलेल्या पाइकला भाल्याने टिपायचे. तिथे आमिष लाकडाचे, एका तळ्यातून दुसऱ्या तळ्यात न्यावे न लागणारे.

मिनोच्या कातडीत आणखी एक गुपित आहे. ऑस्ट्रियन शास्त्रज्ञ कार्ल फॉन फ्रिश, मधमाश्यांच्या नाचाबद्दल 1973 साली ज्यांना नोबेल मिळाले तेच, त्यांनी 1938 मध्ये युरोपी मिनोवरच्या प्रयोगांतून दाखवले की एका माशाच्या कातडीला जखम झाली की पाण्यात एक रसायन सुटते आणि त्याचा माग लागताच थव्यातले बाकीचे मासे घाबरून दडतात. पुढे कॅनडातल्या सास्कॅचेवान विद्यापीठातल्या संशोधकांनी फॅटहेड घेऊन हा धागा बराच पुढे नेला. ज्या सापळ्यांवर हे भीतीचे रसायन लावले त्यांच्याजवळ फॅटहेड कमी फिरकले. फॅटहेड खाल्लेल्या पाइकच्या विष्ठेतही ते रसायन उतरते आणि मिनोंना पाइकची चाहूल देते; टाकीतले पाइक तर जिथे शिकारीला दबा धरून बसत तिथून लांब जाऊन विष्ठा टाकताना आढळले. आणि तेच रसायन पाइकला मात्र ओढून आणते. जखमी मिनोचा वास म्हणजे जवळच सोपे खाणे आहे, हे त्याला कळते. गळाला टोचलेला मिनो पाण्यात काय काय पसरवत असेल, हे यावरून ध्यानात येते. व्यवहारात यातून दोन गोष्टी निघतात: बादलीत मेलेला किंवा सोललेला मिनो लगेच वेगळा काढावा, आणि सापळ्यात चेंगरून मेलेले मासे आत ठेवून तोच सापळा पुन्हा लावू नये.

इथवर सगळे कसब झाले. आता ती अडचण. मिनो एका तळ्यातून दुसऱ्या तळ्यात नेला की त्याच्याबरोबर पहिल्या तळ्याचे पाणी जाते, पाण्यातले अंडे-अळी जाते, त्याच्यासारखीच दिसणारी दुसऱ्या जातीची पिल्ले जातात आणि त्याच्या रक्तातले रोगही जातात.

2005 साली ऑन्टारिओ सरोवराच्या बे ऑफ क्विंटी या भागात ड्रम जातीचे मासे मोठ्या संख्येने मेले. अंगावर, कल्ल्यांवर, आतल्या अवयवांवर रक्तस्रावाचे डाग. कारण होते व्हायरल हेमरेजिक सेप्टिसिमिया, थोडक्यात व्हीएचएस हा विषाणू. माणसाला तो काही करीत नाही. माशांच्या मात्र अनेक जातींना मारतो, आणि त्याला गार पाणी आवडते. पुढच्या वर्षी ईरी सरोवरात आणि सेंट लॉरेन्स नदीत मासे मेले. ऑक्टोबर 2006 मध्ये अमेरिकेच्या कृषी खात्याने पंचमहासरोवरांच्या काठच्या 8 राज्यांतून आणि कॅनडाच्या 2 प्रांतांतून या रोगाला बळी पडणाऱ्या जातींचे जिवंत मासे हलवण्यावर बंधने घातली. बळी पडणाऱ्यांच्या यादीत एमराल्ड शायनर होता, म्हणजे बर्फावरच्या लोकांचे अतिशय आवडते आमिष. 2007 मध्ये विषाणू विस्कॉन्सिनच्या आतल्या भागात, विनेबागो सरोवरात सापडला. शायनरची अडचण म्हणालो ती ही. तो मोठ्या पाण्यातला म्हणून त्याला मोठ्या पाण्याचा रोग लागतो, आणि वरून पाहता निरोगी दिसणारा मासाही विषाणू बाळगून असू शकतो. आमिष गोठवून ठेवले म्हणजे विषाणू मेला असेही नाही. गोठलेल्या माशात तो टिकू शकतो.

रोग नसला तरी मासा स्वतःच संकट होऊ शकतो. मेन राज्याच्या उत्तरेत बिग रीड पाँड नावाचे लहानसे तळे आहे. तिथे आर्क्टिक चार हा हिमयुगापासून मागे राहिलेला मासा होता. अमेरिकेच्या सलग 48 राज्यांत हा मासा मूळ रूपात आज फक्त मेनमध्येच उरला आहे. 1991 मध्ये त्या तळ्यात रेनबो स्मेल्ट दिसले, बहुधा कुणाच्या आमिषाच्या बादलीतून सुटलेले. बर्फावरच्या मासेमारीत मेनमध्ये स्मेल्टला मोठी मागणी असते. स्मेल्टनी चारच्या पिल्लांचे खाणे खाल्ले, पिल्लेही खाल्ली. चार संपत आले. शेवटी राज्याच्या मत्स्य खात्याने उरलेले थोडे चार धरून मत्स्यबीज केंद्रात नेले, 2010 मध्ये तळ्यात रोटेनोन घालून सारे मासे मारले आणि 2011 पासून केंद्रात वाढवलेली चारची संतती परत सोडली. एका बादलीतल्या मूठभर माशांचे निस्तरायला वीस वर्षे गेली. मेनमधल्या कितीतरी ट्राउट-तळ्यांवर आज जिवंत मासा आमिष म्हणून नुसता जवळ बाळगायलाही बंदी आहे, ती मला पूर्णपणे योग्य वाटते.

नॉर्वेत तर मिनोच आक्रमक ठरला. तिथला युरोपी मिनो, फॉन फ्रिश यांचाच मासा, ट्राउट धरणाऱ्यांच्या आमिषातून डोंगरावरच्या अशा तळ्यांत पोचला जिथे तो कधीच नव्हता. योटुनहायमेनच्या पहाडातल्या ओव्हरे हाइमडाल्सवात्न या तळ्याचा अभ्यास फार वर्षे चालू आहे. तिथे 1969 मध्ये मिनो दिसला आणि नंतर तो ट्राउटच्या पिल्लांच्या वाट्याचे खाऊ लागला. ट्राउटची नवी पिढी रोडावली. नॉर्वेत आता जिवंत मासा आमिष म्हणून वापरता येत नाही. स्कॉटलंडमध्येही नाही, आणि या बंदीमागे गळाला टोचलेल्या जिवंत माशाच्या यातनेचाही विचार आहे. तो विचार टाळून या विषयावर लिहू नये असे मला वाटते. पाठीत आकडा घालून तासन्तास धडपडत ठेवलेला प्राणी, मग तो केवढाही असो, वेदना जाणत असेल तर त्याचे उत्तर धरणाऱ्याने स्वतःला द्यावे लागते.

या सगळ्यातून उत्तर अमेरिकेत जे नियम झाले ते ठिकाणागणिक वेगळे आहेत. क्वेबेकने 1 एप्रिल 2017 पासून जिवंत मासा आमिष म्हणून वापरणे पूर्ण बंद केले. काही भागांत हिवाळ्यात मेलेला चालतो. ऑन्टारिओने जिवंत आमिष ठेवले, पण त्याचे फिरणे बांधून टाकले. 2022 पासून प्रांताचे आमिषापुरते चार विभाग केले आहेत आणि मिनो एका विभागातून दुसऱ्यात नेता येत नाही. आपल्या घरच्या विभागाबाहेर गेलात तर मिनो तिथेच विकत घ्यायचा, पावती जवळ ठेवायची आणि दोन आठवड्यांत वापरायचा. माणशी 120 मासे. सापळा एकच, तोही 51 सेंटीमीटरहून लांब आणि 31 सेंटीमीटरहून रुंद नाही. अॅल्गाँक्विन उद्यानात जिवंत मासा मुळीच न्यायचा नाही. मिनेसोटाने परराज्यातून जिवंत मिनो आणणे बंद ठेवले आहे, त्यामुळे आर्कान्सामधल्या लोनोकच्या परिसरातली मैलोन्मैल पसरलेली मिनोची शेती तिथल्या दुकानांना उपयोगाची नाही. गोल्डन शायनर अपुरे पडतात, लोक कुरकुरतात, दार थोडे उघडा अशी मागणी राज्याच्या विधिमंडळापर्यंत जाते. शेतातला मासा तपासून, प्रमाणपत्र देऊन येऊ शकतो आणि रानातला तसा येत नाही, हा त्या मागणीतला मुद्दा खराच आहे. तरीही मी बंदीच्या बाजूने आहे. उतरलेला रोग तळ्यातून परत काढता येत नाही, आणि बिग रीड पाँडसारखी नव्याने सुरुवात मिल लॅक्सएवढ्या पाण्यात कोणालाही करता येणार नाही.

मिनोची तळी स्वतः काय भोगतात, याकडे कमी लक्ष जाते. ज्या पाणथळीत फॅटहेड माजतात तिथे ते पाण्यातले सूक्ष्म जीव आणि किडे इतके फस्त करतात की शेवाळ वाढते, पाणी गढूळ होते, तळाच्या वनस्पती मरतात आणि स्थलांतराच्या वाटेवर तिथे उतरणाऱ्या स्कॉपसारख्या बदकांना खायला उरत नाही. म्हणून मुळात मासे नसलेल्या पाणथळीत धंद्यासाठी फॅटहेड सोडणे हे बदकांच्या मुळावर येते. उलट जिथे ते आधीच उदंड आहेत तिथून धरून नेल्याने फारसे बिघडत नाही.

स्वतः मिनो धरून बर्फावर जाणाऱ्याला सर्वांत निर्धोक वाट कोणती? ज्या तळ्यावर गळ टाकायचा, त्याच तळ्यात किंवा त्याच्याच ओढ्यात सापळा लावायचा, जिथे कायद्याने परवानगी आहे तिथे. फॅटहेड मिळणार नाहीत. ओढ्यातले क्रीक चब मिळतील, काठाचे शायनर मिळतील, कदाचित सापळा रिकामाही येईल. मग मेलेले आमिष आहेच. पाइक बुडाशी पडलेला मेलेला मासा आनंदाने उचलतो, आणि वॉलआयला चकाकत्या चमच्याच्या गळावर लावलेले मिनोचे नुसते डोके पुष्कळदा पुरते.

आणि संध्याकाळी बादलीत उरलेले? ते भोकात ओतायचे नाहीत, कितीही दया आली तरी. मिनेसोटात नियम असा की मिनो पुन्हा वापरायला न्यायचे असतील तर काठ सोडण्याआधी तळ्याचे पाणी ओतून टाकून बादलीत बाहेरून आणलेले नळाचे किंवा बाटलीचे पाणी भरायचे. न्यायचे नसतील तर मासे कचऱ्याच्या डब्यात टाकायचे. म्हणून जाणती माणसे सकाळी निघतानाच मोटारीत स्वच्छ पाण्याचा एक कॅन ठेवतात, क्लोरीन मारायचे औषध घालून, आणि तो गोठू नये म्हणून सीटखाली, हीटरच्या वाऱ्याला.